जुन्या गाडीला जुनाच साज

मैत्रिणींनो, तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली सासऱ्यांची एखादी फियाट, ॲम्बॅसडर नाहीतर महिंद्राची जीप उभी आहे का? साकोलीसारख्या महामार्गावरच्या गावात ही गाडी एकेकाळी धानाच्या कामापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे पुढे. आता तिच्यावरून घरात दोन पक्ष पडतात. भावजी म्हणतात, ‘भंगारात द्या.’ मुलगा म्हणतो, ‘छे, मी तिला मॉडिफाय करतो,’ आणि मोबाइलवर रुंद टायर, काळ्या काचा, छाती धडधडवणारा सायलेन्सर दाखवतो. पैसे मात्र तुमच्या डब्यातून जायचे असतात! तेव्हा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी थोडं ऐकाच.

एक तिसरा मार्ग आहे. गाडी ज्या काळातली, त्याच काळातला साज तिला चढवायचा. अमेरिकेत हा शौक मोठा आहे. तिथं १९६४ साली पाँटिॲक जीटीओ आली आणि दणकट इंजिनाच्या गाड्यांची तरुणांत लाटच उसळली. गाडी घरी आली की लगेच पोरं तिची चाकं बदलायची, गिअरचा दांडा बदलायची. आज तिथले शौकीन तेच जुने सुटे भाग शोधून पुन्हा बसवतात, आणि या प्रकाराला ‘डे टू’, म्हणजे दुसऱ्या दिवसाची गाडी, असं म्हणतात.

आपल्याकडे इंजिनापेक्षा सजावटीची हौस जास्त. आठवा बरं! बंपरवरचे पिवळे फॉग लॅम्प, दिव्यांवरची जाळी, चाकांच्या चकचकीत टोप्या, छपरावरचं कॅरिअर, डॅशबोर्डवरचा चिमुकला पंखा, कॅसेटचा टेप. आणि आतला संसार तर आपल्याच हातचा! सीटवर टर्किश टॉवेल, मागच्या काचेला पडदे, क्रोशाचे रुमाल. रेक्झिनच्या सीटवर विदर्भाच्या मे महिन्यात बसून पाहा, म्हणजे टॉवेल का घालत ते कळेल. ही कव्हरं घरी शिवलीत तर खर्च कापडापुरताच. सुती, धुता येणारं कापड घ्या. चालकाच्या पायाशी लोंबेल अशी झालर मात्र लावू नका, ती पेडलमध्ये अडकते.

धातूचे भाग जुन्या बाजारात मिळतात. नागपूरच्या गॅरेजवाल्यांकडे आधी विचारा. मुंबईत शौकीन मंडळी कुर्ल्याच्या आणि चोरबाजाराच्या गल्ल्या पालथ्या घालतात. नवा, चकचकीत नकली भाग घेण्यापेक्षा डाग पडलेला जुना घेऊन पॉलिश करणं मला तरी बरं वाटतं.

पण साज चढवण्याआधी गाडीची प्रकृती बघा. पायाखालचं रबरी मॅट उचला. पावसाळ्यात त्याखाली पाणी साठतं आणि पत्रा गुपचूप सडतो. दसऱ्याच्या साफसफाईत मॅट काढून उन्हात घाला, एवढं तर आपण घरच्या सतरंजीचंही करतो. दुसरं, पेट्रोलच्या रबरी नळ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, भेगाळतं. गळती म्हणजे आगीला आमंत्रण. चाकांच्या टोप्या राहू द्या, आधी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्या. तिसरं, दिवे. जुन्या गाडीत डायनमो असतो, तो गाडी सावकाश चालताना फारशी वीज देत नाही. त्यावर चार दिवे, पंखा, टेप लावलात की बॅटरी बसलीच. जादा दिव्यांना वेगळा फ्यूज आणि रिले हवाच. जुन्या स्विचवर सगळा भार टाकला तर वायर तापते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीपेक्षा गाडीची मूळ रचना वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. म्हणून मुलाच्या डोक्यात बॉडी कापायचं आलं तर तिथंच थांबवा. रंग बदललात तर आरटीओत नोंद करा. काळी फिल्म न्यायालयाने २०१२ सालीच बंद केली. समोरच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. तेव्हा आपले ते हौशी पडदे गाडी उभी असतानाच ओढा. पुढचा भक्कम लोखंडी गार्डही २०१७ पासून बेकायदा आहे. बसवलेलं सामान विमा कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर चोरी झाली की त्याची भरपाई विसरा.

गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली असतील, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. म्हणजे १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव मिळालेल्या फियाटच्या पहिल्या गाड्यांचीही पन्नाशी उलटली! पण नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली-प्रदर्शनालाच. तुम्हाला तिच्यातून बाजाराला जायचं असेल तर या वाटेला जाऊ नका. साधी नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवून घ्या.

आणि भगिनींनो, सगळ्यांत आधी आरसी बुक उघडून नाव वाचा. सासरे जाऊन दहा वर्षं झाली तरी गाडी त्यांच्याच नावावर, असं कितीतरी घरांत असतं. गाडीचा मालक वारला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. मुदत टळली असली तरी मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती घेऊन भंडाऱ्याच्या आरटीओ कार्यालयात जा. दीर-नणंदांच्या सह्या एकदा झाल्या की मग मुलाला म्हणा, आण तुझे पिवळे दिवे!