दुबईतल्या शाळेची ऑफर आलीय? आधी हा हिशेब मांडा

नाशिकच्या बी.एड. मंडळींनो, दुबईतल्या सीबीएसई शाळेचा पगार लगेच रुपयांत गुणू नका. कमाई दिरहॅमची, तसा खर्चही दिरहॅमचाच!

🏠 घर: शाळा जागा देते की फक्त भत्ता? भाडं बहुधा वर्षाला मोजक्या, पुढच्या तारखांच्या चेकनी जातं. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के शुल्क महापालिका वीज-पाण्याच्या बिलातून महिन्याच्या महिन्याला घेते.

📄 मूळ पगार: ग्रॅच्युइटी फक्त यावरच. पहिली ५ वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा पगार. भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवला असेल, तर तोटा तुमचाच.

👧 मुलं: फीमध्ये सवलत किती आणि किती मुलांना, हे करारात लेखी घ्या.

📚 शिकवण्या: परवान्याशिवाय घरी ट्यूशन घेणं बेकायदा. त्या कमाईवर गणित बांधू नका.

✅ जमेची बाजू: पगारावर तिथे आयकर नाही.

आता पगारातून भाडं, वीज-पाणी, किराणा, प्रवास वजा करा. उरेल तेवढंच रुपयांत मांडा आणि आज गंगापूर रोडला राहून महिन्याअखेर जे उरतं, त्याच्याशी ताडून पाहा. फरक घर सोडण्याइतका वाटला, तरच सही करा.