पाठभेदाचा पत्ता

दोन प्रतींमधला फरक टिपताना काय बदलले याइतकेच कुठे बदलले हेही नोंदवावे लागते. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली, तेव्हा पानाच्या वरच्या भागात स्वीकारलेला पाठ आणि खाली पाठभेद छापले. खालची प्रत्येक नोंद श्लोकाच्या क्रमांकाने सुरू होते आणि पाठ कोणत्या हस्तलिखितांत आहे ते एकेका अक्षराच्या खुणेने सांगते: देवनागरी प्रतींना डी, तेलुगूला टी, मल्याळमला एम. मागाहून शिरलेल्या ओळींना तारांकित क्रमांक देऊन तळाशी बसवले, लांबलचक भर परिशिष्टात गेली. ही रीत पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची. अयोध्या आणि युद्ध ही कांडे संपादणाऱ्या प. ल. वैद्यांनी तिथे कर्णपर्व संपादले होते.

आज हेच काम संगणकावर ‘गिट’ नावाचे सॉफ्टवेअर करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिहिले, ते प्रोग्रामसाठी; पण आता पुस्तके आणि माहितीपत्रकेही त्यात ठेवली जातात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद गिट आपणहून ठेवते. (जुन्या लेखनिकांनी एवढे केले असते, तर संपादकांची कित्येक वर्षे वाचली असती.) असा मजकूर बहुधा ‘मार्कडाउन’मध्ये लिहितात. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत ओळीआधी ‘#’ आले की ती शीर्षक होते आणि शब्द तारकांत घातला की तिरपा होतो. खुणा इतक्या हलक्या, की मूळ फाइलही सहज वाचता येते.

अडचण पत्त्याची होती. गिट फरक दाखवताना बदललेल्या ओळींच्या डोक्यावर जवळची एखादी ओळ संदर्भासाठी छापते. ही ओळ निवडण्याचा मूळचा नियम प्रोग्रामच्या सोयीचा: रोमन अक्षराने, अधोरेषेने किंवा डॉलरच्या खुणेने सुरू होणारी सर्वांत जवळची आधीची ओळ. इंग्रजी लेखात तिथे कुठल्या तरी परिच्छेदाची सुरुवात येई. मराठी लेखात बहुधा काहीच येत नसे, कारण ओळीची सुरुवात देवनागरी अक्षराने किंवा ‘#’ने. सगळा ग्रंथ हाताशी, पण बदल कोणत्या प्रकरणातला ते कळू नये.

२०२० मध्ये गिटमध्ये मार्कडाउनसाठी वेगळा नियम आला: एक ते सहा ‘#’ आणि पुढे मोकळी जागा असलेली ओळ हे शीर्षक. त्यापुढचा मजकूर कोणत्या लिपीत आहे याच्याशी या नियमाला देणेघेणे नाही. त्यामुळे ‘# सुंदरकांड’ हे शीर्षक बदलाच्या माथ्यावर नीट उमटते. मात्र नियम आपोआप लागू होत नाही. गुणधर्मांच्या फाइलीत एक ओळ लिहून तो जोडावा लागतो.

पत्ता मिळाला तरी घर फार मोठे असते. गिटची तुलना ओळीगणिक चालते आणि लेखक अख्खा परिच्छेद एका ओळीत टंकतात. एक वेलांटी सुधारली की सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. शब्दागणिक तुलना मागता येते, पण युनिकोडच्या चिन्हागणिक केली तर ‘कि’मधला क आणि वेलांटी सुटे पडतात. सरळ उपाय म्हणजे दर ओळीला एकच वाक्य. मार्कडाउन लगतच्या ओळी जोडून एक परिच्छेद करते, म्हणून छापील रूप बिघडत नाही. रामायणाच्या संपादकांना ही तजवीज करावी लागली नाही. श्लोकांनी मजकूर आधीच तोडलेला होता.