नेट नाही, म्हणून लस नाही?

1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाला कोरोनाची लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन, कोविनवर. गावात रेंज नाही. शहरातले लोक गाड्या घेऊन आले आणि गावच्या केंद्रावर लस टोचून गेले! सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली 24 मे रोजी. आम्ही हे विसरलेलो नाही.

आता अंगणवाडीचा घरपोच आहारही पोषण ट्रॅकरवर चेहरा जुळवून मिळतो. नेट गेले की गरोदर बाई ताटकळते.

गावाकडे आईवडील, सुना असतील तर सांगा: 108 साध्या फोनवरून लागतो, नेट लागत नाही. आभाचा 14 अंकी नंबर वहीत लिहून ठेवा. आहार नाकारला, तर ग्रामसभेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.