विश्लेषण : शाळेच्या मैदानापासून ‘खेलो इंडिया’पर्यंत... विद्यार्थी खेळाडूची निवड नेमकी कशी होते?

मे २०२५ मध्ये बिहारमध्ये झालेल्या ‘खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धे’त महाराष्ट्राने ५८ सुवर्ण, ४७ रौप्य आणि ५३ कांस्य अशी एकूण १५८ पदके मिळवत पहिला क्रमांक राखला. हरयाणा ३९ सुवर्णपदकांसह दुसऱ्या, तर राजस्थान २४ सुवर्णपदकांसह तिसऱ्या स्थानी राहिला. पदकतक्त्यात राज्याचे नाव दिसते. मात्र ते पदक मिळवणारा मुलगा किंवा मुलगी कोणत्या शाळेतून, किती पायऱ्या चढून तिथपर्यंत पोहोचली, हे तक्त्यातून कळत नाही. आपल्या मुलाला खेळात गती आहे, पण पुढे काय करायचे, हा प्रश्न अनेक पालकांना पडतो. त्याचे उत्तर या पायऱ्यांमध्ये आहे.

राष्ट्रीय पातळीवर जाण्याचे मार्ग किती?

ढोबळमानाने दोन. पहिला शाळेचा. देशभरातील शालेय स्पर्धांची शिखर संस्था म्हणजे १९५४ मध्ये स्थापन झालेली भारतीय शालेय क्रीडा महासंघ ही संस्था. तिच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. महाराष्ट्रात राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या सर्व फेऱ्या राज्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयांमार्फत घेते.

दुसरा मार्ग खेळाच्या संघटनेचा. प्रत्येक खेळाची जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि राष्ट्रीय महासंघ असतो. त्यांच्या सब-ज्युनियर, ज्युनियर अशा अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या होतात. तिथे मुलगा शाळेच्या नावाने नव्हे, तर क्लबच्या किंवा जिल्ह्याच्या नावाने उतरतो.

जलतरण, जिम्नॅस्टिक्स, नेमबाजी अशा खेळांत मुले बहुधा क्लबमध्ये किंवा खासगी प्रशिक्षकाकडे तयार होतात. कबड्डी, खो-खो, मैदानी खेळ यांत मात्र शाळेचे मैदान आणि शाळेचे क्रीडाशिक्षक यांच्यावर बरेच काही अवलंबून असते. अनेक मुले दोन्ही मार्गांनी खेळतात आणि त्यात काही गैर नाही.

शालेय स्पर्धेच्या पायऱ्या कोणत्या?

मोजक्या खेळांच्या स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. त्यानंतर जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय अशी चढण असते. महापालिका क्षेत्रातील शाळांच्या स्पर्धा स्वतंत्र होतात आणि तिथले विजेते थेट विभागीय स्पर्धेला जातात. क्रीडा खात्याच्या दृष्टीने राज्याचे आठ विभाग आहेत : मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर.

वैयक्तिक खेळात हिशेब सोपा आहे. धावपटू किंवा कुस्तीगीर आपल्या कामगिरीवर एकेक पायरी चढतो. त्याच्या शाळेतले बाकीचे विद्यार्थी कसे खेळतात, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

सांघिक खेळात तसे नसते. तिथे पुढे जाते ती शाळा. जिल्ह्यात जिंकलेल्या शाळेचा संघ विभागाला जातो आणि विभागात जिंकलेली शाळा राज्य स्पर्धेत आपल्या विभागाचे प्रतिनिधित्व करते. राष्ट्रीय स्पर्धेसाठी मात्र निवड चाचणी घेऊन वेगवेगळ्या शाळांतील मुलांचा एक महाराष्ट्र संघ बांधला जातो. याचा अर्थ असा, की एखादी मुलगी उत्तम चढाईपटू असली, पण तिच्या शाळेत कबड्डीचा पुरेसा चांगला संघ नसला, तर ती जिल्ह्याच्या पहिल्याच सामन्यात स्पर्धेबाहेर जाते. तिच्यासाठी उरतो तो संघटनेचा मार्ग. चांगले खेळाडू ठरावीक शाळांकडे ओढले जातात, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

जन्मतारखेला एवढे महत्त्व का?

वयोगट ठरवताना १ जानेवारी ही तारीख धरली जाते. उदाहरणार्थ, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात १४ वर्षांखालील गटासाठी खेळाडूचा जन्म १ जानेवारी २०११ रोजी किंवा त्यानंतर झालेला असणे आवश्यक होते. ३१ डिसेंबर २०१० रोजी जन्मलेला मुलगा एका दिवसाच्या फरकाने वरच्या गटात गेला. तिथे त्याची गाठ त्याच्याहून जवळपास तीन वर्षांनी मोठ्या मुलांशी पडू शकते.

एकाच गटातही फरक राहतोच. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात, पण त्यांच्या वाढीत जवळपास वर्षाचे अंतर असते. तेरा-चौदाव्या वर्षी एवढ्या अंतरात उंची, वजन आणि ताकद चांगलीच बदलते. त्यामुळे निवडीत मोठी दिसणारी मुले उजवी ठरण्याची शक्यता वाढते. क्रीडाशास्त्रात याला ‘सापेक्ष वय परिणाम’ म्हणतात आणि अनेक देशांत, अनेक खेळांत तो आढळला आहे.

पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. २०११ मध्ये जन्मलेला खेळाडू २०२४-२५ मध्ये १४ वर्षांखालील गटात सर्वांत मोठ्यांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी तो १७ वर्षांखालील गटात गेला आणि तिथे सर्वांत लहानांपैकी एक झाला. आदल्या वर्षी जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा त्या वर्षी पहिल्या फेरीत हरला, तर त्याचा खेळ घसरला असे लगेच समजू नये. पुष्कळ मुले नेमकी याच टप्प्यावर मैदान सोडतात. दोन वर्षे थांबण्याची तयारी ठेवली, तर तीच मुले गटातली मोठी होतात.

वयाला एवढी किंमत असल्याने वय लपवण्याचे प्रकारही होतात. त्यावर कागदपत्रांची तपासणी हा एक उपाय आहे. दुसरा वैद्यकीय. यात डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधतात. क्रिकेट नियामक मंडळही कनिष्ठ गटासाठी ‘टीडब्ल्यू-३’ नावाची अशी पद्धत वापरते. ही चाचणी वयाचा अंदाज देते, जन्मतारीख सांगत नाही.

‘खेलो इंडिया’ या सगळ्यात कुठे बसते?

या स्पर्धेची सुरुवात शालेय स्पर्धा म्हणूनच झाली. जानेवारी-फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्लीत ‘खेलो इंडिया शालेय क्रीडा स्पर्धा’ या नावाने १७ वर्षांखालील मुलामुलींसाठी पहिले पर्व झाले. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्यपदके जिंकणारी नेमबाज मनू भाकर त्या पर्वात शाळकरी खेळाडू म्हणून सुवर्णपदक जिंकून गेली होती. २०१९ मध्ये पुण्यात बालेवाडीला झालेल्या दुसऱ्या पर्वापासून ‘शालेय’ऐवजी ‘युवा’ हा शब्द आला आणि २१ वर्षांखालील गटाची भर पडली. पुढे विद्यापीठांसाठी वेगळी स्पर्धा सुरू झाली आणि जून २०२२ मध्ये पंचकुलात झालेल्या पर्वापासून युवा स्पर्धा १८ वर्षांखालील खेळाडूंची झाली. त्याच पर्वात मल्लखांब, योगासन, गटका, थांग-ता आणि कलरीपयट्टू या देशी खेळांना स्थान मिळाले. मल्लखांबाची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला याचा फायदा झाला.

या स्पर्धेचा अर्ज शाळा थेट भरू शकत नाही. खेळाडू राज्याच्या संघातून येतो आणि त्याची निवड आधीच्या राष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरी, राष्ट्रीय महासंघांची क्रमवारी यांसारख्या निकषांवर होते. खालच्या स्पर्धांत नाव नोंदलेलेच नसेल, तर इथे विचार होण्याचा प्रश्नच येत नाही.

पदकतक्ता कसा वाचायचा?

क्रमवारी एकूण पदकांवर नव्हे, तर सुवर्णपदकांवर ठरते. २०१८ मध्ये महाराष्ट्राची पदके १११, तर हरयाणाची १०२ होती. तरीही ३८ विरुद्ध ३६ अशा सुवर्णपदकांच्या फरकाने हरयाणा पहिला आला. त्यानंतर २०१९ मध्ये पुणे, २०२० मध्ये गुवाहाटी, २०२३ मध्ये मध्य प्रदेश, २०२४ मध्ये तमिळनाडू आणि २०२५ मध्ये बिहार या पाच पर्वांत महाराष्ट्र अव्वल राहिला. मधल्या पंचकुलातील पर्वात मात्र ५२ सुवर्णपदके मिळवणाऱ्या हरयाणाने ४५ सुवर्णपदकांच्या महाराष्ट्राला मागे टाकले.

दुसरी बाब म्हणजे प्रत्येक पदकामागे सारखीच माणसे नसतात. कबड्डीच्या १२ जणींच्या संघाने सुवर्ण जिंकले, तरी तक्त्यात एकच पदक मोजले जाते. एखादी जलतरणपटू मात्र वेगवेगळ्या शर्यतींत एकटीच चार-पाच पदके मिळवू शकते. त्यामुळे एखादे राज्य पहिले आले, म्हणजे तिथल्या प्रत्येक शाळेत खेळाची सोय चांगली आहे, असा अर्थ काढता येत नाही. मोजक्या केंद्रांत उत्तम तयारी करूनही तक्त्यात वर राहता येते.

सांगलीच्या सरगर भावंडांचे उदाहरण बोलके आहे. त्यांच्या कुटुंबाची चहाची टपरी आणि पानाचे दुकान. काजल सरगरने जून २०२२ मध्ये पंचकुलात भारोत्तोलनाच्या ४० किलो गटात महाराष्ट्राला त्या पर्वातले पहिले सुवर्ण मिळवून दिले. तिचा मोठा भाऊ संकेत २०२० च्या ‘खेलो इंडिया’तला विजेता. काजलच्या सुवर्णानंतर दोनच महिन्यांनी त्याने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले. कोपराला दुखापत झाल्यावरही त्याचे सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. घरची परिस्थिती बेताची असली, तरी सांगलीसारख्या शहरात भारोत्तोलनाची तालीम आणि शिकवणारा माणूस जवळ होता, ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

विद्यार्थ्याला यातून काय मिळते?

ठरावीक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा गुणांची सवलत मिळते. स्पर्धेची पातळी जितकी वरची, तितके गुण अधिक. मात्र त्यासाठी प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि तिथून मंडळाकडे मुदतीत जावा लागतो. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पद जितके वरचे, तितकी अपेक्षित कामगिरीही वरची. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यानंतर इथे पडताळणीही काटेकोर झाली आहे.

‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार ४०० रुपये खर्चाची तरतूद आहे. त्यातले १ लाख २० हजार रुपये, म्हणजे महिन्याला दहा हजार, खेळाडूला खर्चासाठी मिळतात. बाकीची रक्कम प्रशिक्षण, आहार, साहित्य, स्पर्धा अशा बाबींवर जाते. पदक मिळाले म्हणजे शिष्यवृत्ती आपोआप मिळते असे मात्र नाही. राज्याच्या निवासी क्रीडा प्रबोधिनी लहान मुलांना शारीरिक चाचण्या घेऊन निवडतात. ज्यांच्या गावात प्रशिक्षक नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग विशेष उपयोगी आहे.

गळती कुठे होते?

राष्ट्रीय स्पर्धेत हरलेले खेळाडू निदान तिथपर्यंत पोहोचलेले असतात. खरी गळती पहिल्या पायरीवर होते आणि ती कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. शालेय स्पर्धेत विद्यार्थ्याचे नाव स्वतः विद्यार्थी देत नाही, शाळा देते. शाळेने प्रवेशिका भरायची, मुख्याध्यापकांनी सही करायची, शिक्षकाने संघ घेऊन जायचे. शाळेत क्रीडाशिक्षक नसेल किंवा त्या तासाला दुसराच विषय शिकवला जात असेल, तर गुणी मूलही स्पर्धेबाहेर राहते. त्यात दहावी-बारावीचे वर्ष आले, की सराव बंद करण्याचा निर्णय बहुतेक घरांत होतो. वयाच्या हिशेबाने पाहिले, तर नेमकी तीच १७ आणि १९ वर्षांखालील गटांतली महत्त्वाची वर्षे असतात.

म्हणूनच शाळा सुरू होताच पालकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. शाळा यंदा कोणत्या खेळांत संघ उतरवणार आहे? प्रवेशिकेची शेवटची तारीख कोणती? आणि जन्मदाखला, आधार व शाळेच्या नोंदवहीतील नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळते का? शाळा संघ उतरवणार नसेल, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा त्या खेळाच्या जिल्हा संघटनेकडे चौकशी करता येते. स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. दिवाळीनंतर केलेल्या चौकशीला बहुतेक वेळा ‘पुढच्या वर्षी या’ असेच उत्तर मिळते आणि तोपर्यंत मुलाचा वयोगट बदललेला असू शकतो.