माहिती पुरते काय?

बाजारातून आलेला मनुष्य म्हणाला, "नारळांचे एकंदर 300 रुपये झाले," तर एका नारळाचा भाव सांगाल काय? आधी विचाराल, "नारळ किती?" व्यवहारात सुचणारा हा प्रश्न गणिताला बसले की मुले विसरतात आणि लगेच आकडेमोड सुरू करतात. बँकांच्या भरतीपरीक्षांत, संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत नेमके इथेच गुण जातात. तिथे एक प्रश्न आणि खाली दोन विधाने असतात. उत्तर काढायचे नसते. ते काढायला कोणते विधान पुरते, एवढेच सांगायचे असते.

उदाहरण घ्या. काही क्रमागत, म्हणजे ओळीने येणाऱ्या, पूर्णांकांतला सर्वांत लहान कोणता? पहिले विधान : त्यांची बेरीज 15. दुसरे : ते पाच आहेत.

पहिले एकटे पहा. 7 आणि 8 यांची बेरीज 15; 4, 5, 6 यांचीही 15; 1 ते 5 यांचीही तीच. शिवाय पूर्णांक म्हटले की शून्य आणि ऋणसंख्याही आल्या. उणे 3 पासून 6 पर्यंत मिळवा. उणे 3 ते 3 यांची आपसांत फिटंफाट होते, उरतात 15! उत्तरे अनेक, तेव्हा विधान अपुरे. दुसरे तर एकटे उघडच अपुरे.

आता दोन्ही जोडा. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या 'लीलावती'त रीत दिलीच आहे : मध्यधनाला पदांच्या संख्येने गुणले की सर्वधन, म्हणजे बेरीज, मिळते. 15 भागिले 5, म्हणून मधला 3 आणि लहान 1. उत्तर एकच, दोन्ही मिळून पुरतात.

कधी एकच विधान पुरते. बेरीज 4 ने भागली जाते काय? विधान : क्रमागत पूर्णांक चार आहेत. अशा चारांच्या बेरजेला 4 ने भागले की बाकी नेहमी 2 उरते. म्हणजे उत्तर ठाम "नाही". पुष्कळ मुले इथे फसतात. "नाही" आले की विधान अपुरे समजतात. पण ठाम "नाही" हेही उत्तरच! "कधी होय, कधी नाही" असे झाले, तरच माहिती अपुरी.

गुरुजनहो, उद्या फळ्यावर लिहा : एकाहून अधिक क्रमागत धन पूर्णांकांची बेरीज 7 आहे, ते कोणते? मग 7 पुसून 9 लिहा. पहिल्या वेळी माहिती पुरते, दुसऱ्या वेळी पुरत नाही. का, ते मुलांनाच शोधू द्या.