गीतातील शब्द आणि नीतीचा निकष

गीताच्या शब्दांना नीतीचे बंधन असावे की नाही, हा वाद बहुधा लावणीच्या किंवा चित्रपटगीताच्या निमित्ताने उद्भवतो. अभंगाच्या निमित्ताने तो सहसा उद्भवत नाही. कारण अभंगाची सोज्ज्वळता आधीच गृहीत धरलेली असते. हे गृहीत किती तकलादू आहे, ते जनाबाईच्या रचना पाहिल्या म्हणजे कळते. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे तिचे जन्मस्थान मानले जाते.

तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आढळतात. ते सर्वच तिचे आहेत असे अभ्यासक मानीत नाहीत; तथापि परंपरेने जे तिचे म्हणून गायिले, त्यांतच प्रस्तुत प्रश्नाचा कस लागतो. एका अभंगात लोकलाज टाकून भर बाजारात निघालेली स्त्री स्वतःस वेश्या म्हणवून घेते. दुसऱ्या एका अभंगात विठ्ठलाला चक्क शिव्या आहेत, आणि त्याही पाणवठ्यावरच्या भांडणात शोभाव्यात अशा. देवाच्या मरणाची व त्याच्या पत्नीच्या वैधव्याची भाषाही त्यात येते. आक्षेपार्ह शब्दांची यादी करून गीते पारखावयाची म्हटले, तर हे दोन्ही अभंग पहिल्याच चाळणीत अडकतील. प्रत्यक्षात ते टाळमृदंगाच्या साथीने आबालवृद्धांसमक्ष गायिले जातात.

याचा उलगडा केवळ ‘भक्ती’ या एका शब्दाने होत नाही. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी होती. दासीच्या वाट्याला शिव्या येतात त्या वरून खाली. येथे त्या खालून वर जातात. आणि स्त्रीला लाजविण्यासाठी समाजाने जो शब्द राखून ठेवलेला असतो, तोच तिने स्वतः उचलून घेतल्यावर लाजविणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. तेव्हा शब्दापेक्षा तो कोण, कोणाला आणि कोणत्या अधिकाराने उच्चारतो, यातच गीताची नीती शोधावी लागते. लोकाचारालाही हे ठाऊक आहे. शिमग्याची बोंब आणि लग्नातील विहिणीची गाणी यांत जे शब्द चालतात ते एरव्ही चालत नाहीत; लोकाचार येथे शब्दावर बंदी न घालता वेळ आणि श्रोता ठरवून देतो.

आश्चर्य असे की, कायद्याचीही रचना पुष्कळशी अशीच आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २९४ अन्वये सार्वजनिक जागी वा तिच्या जवळ, इतरांना उपद्रव होईल अशा रीतीने अश्लील गीत गाणे हा अपराध होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम २९६ मध्ये आहे. नुसते गीत अश्लील असून भागत नाही, जागा आणि उपद्रव हेही पाहावे लागतात. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या गांधीजींवरील कवितेच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिलेल्या निर्णयातही, शब्द कोणाच्या तोंडी घातले आहेत हा मुद्दा निर्णायक ठरला. त्या निर्णयाशी सर्वांचे एकमत होणे कठीण आहे. पण प्रश्न योग्य जागी विचारला गेला, हे मान्य करावे लागेल.

लावणीबाबत मात्र हा प्रश्न योग्य जागी क्वचितच विचारला गेला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली. परभणी त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने (तो जिल्हा मुंबई राज्यात आला १९५६ साली) त्या आज्ञेच्या कक्षेबाहेर होता. बंदीनंतर संहिता तपासून प्रयोगास परवानगी देण्याची पद्धत आली. या सर्व खटाटोपात दृष्टी होती ती शृंगाराच्या शब्दांवर. परंतु शृंगार हा लावणीचा दोष म्हणावा, तर संस्कृत काव्याचा बराचसा भाग वर्ज्य करावा लागेल. खरी अडचण निराळी आहे. शाहिरी लावणीतील ‘मी’ बहुधा स्त्री असते आणि रचणारा पुरुष. रामजोशी, होनाजी बाळ, सगनभाऊ या शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी घातलेले शब्द पुढे फडावर ज्या स्त्रिया म्हणू लागल्या, त्यांतील अनेकींना ते नाकारण्याची सोय नव्हती. पोट त्यावर चालत होते. जनाबाईचा ‘मी’ तिचा स्वतःचा, निदान परंपरेने तिचा मानलेला. दोघींच्या तोंडी एकच शब्द असला तरी एकीने तो निवडलेला आहे आणि दुसरीला तो नेमून दिलेला आहे.

सर्वच लावण्यांना हे लागू नाही, हेही नमूद केले पाहिजे. काही गायिकांनी अदाकारीच्या बळावर शाहिराच्या शब्दांचा अर्थच फिरविला, आणि बैठकीच्या लावणीत तर एकाच ओळीचे अनेक अर्थ करून दाखविणे हीच गायिकेची कसोटी असते. तपासनिसाच्या टेबलावर संहिता येते, ही अदा येत नाही. बंदीच्या काळात फडावरच्या स्त्रियांची रोजी बुडाली. शाहिरांच्या लावण्या मात्र छापील संग्रहांतून अभ्यासक्रमात आल्या आणि पदव्युत्तर वर्गांत त्यांच्यावर प्रश्न विचारले जाऊ लागले.