फिट आली तेव्हा नेमकं काय झालं?

फिट येणाऱ्या रुग्णाचं निदान बरंचसं हकिकतीवर ठरतं. मान कुठल्या बाजूला वळली? शुद्ध किती वेळ हरपली? ईईजी अनेकदा नॉर्मलच येतो. हे विचारायला वेळ लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच नसतो.

अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी क्लिनिकांत हे काम बऱ्याचदा फिजिशियन असिस्टंट करतात. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलातले चार माजी वैद्यकीय कर्मचारी घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. भारतात २०२१च्या कायद्यात हा पेशा आला.

पहिलं निदान न्यूरॉलॉजिस्टनेच करावं. पुढच्या खेपांना मात्र गोळ्या चुकतात का, लग्न ठरतंय का, हे असिस्टंटने विचारावं, तेही मुलीला एकटीला. घरचे फिट लपवतात. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं. तरी गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टर ती बदलून देतात.